करारातलं ते एक कलम

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

सरकारी महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झालीस, फार बरं वाटलं. संशोधनाची सगळी नियतकालिकं, आपली जर्नल्स, ऑनलाइन आल्यावर आपल्याला काम काय उरलं, असं विचारलंस. काम उरलंय, आणि ते आधीपेक्षा अवघड आहे.

छापील अंक टपालाने यायचे तेव्हा कार्डेक्सवर, म्हणजे आलेल्या अंकांच्या कार्डांवर, नोंद करायची, अंक चुकला की एजंटला स्मरणपत्र धाडायचं, वर्षअखेरीस सगळे अंक बाइंडिंगला द्यायचे. पुढे वर्गणी बंद केली तरी बांधलेला खंड कपाटातून कोणी काढून नेत नसे. छापणं प्रकाशकाचं, जपणं आपलं. आता लेख प्रकाशकाच्या सर्व्हरवर असतो आणि आपण पैसे मोजतो ते वाचायच्या परवानगीचे. जपणूक आपल्या हातून गेली, हे मला फार लागतं.

म्हणून करार हाती आला की किमतीच्या आधी एक कलम शोध: वर्गणी थांबली तर पैसे भरलेल्या वर्षांचे अंक पुढेही वाचता येतील का? कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2019 मध्ये एल्सव्हिअर या बड्या जर्नल-प्रकाशकाशी वर्गणीचं नूतनीकरण नाकारलं. जुलैत नवे लेख बंद झाले, पण 2018 पर्यंतचे बहुतेक लेख वाचता येत राहिले, कारण तो हक्क आधीच लिहून घेतला होता. 2021 मध्ये नवा करार झाला, तोवर विद्यापीठाला तग धरता आला.

आपल्याकडे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या एकत्रित वर्गणीच्या योजनेमुळे 2025 पासून 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स सरकारी संस्थांना खुली झाली. तालुक्याच्या मुलांना हे मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे. पण मंजूर झालेले 6,000 कोटी 2027 पर्यंतचेच आहेत, आणि ही वाटाघाट तुझ्या टेबलावर होत नाही. तुझ्या हाती आहे ते म्हणजे मुलांना लॉगिन करून देणं, घरूनही लेख उघडतो का ते स्वतः पाहणं.

आणखी एक. प्रकाशक आता लेख छापायला लेखकाकडूनही पैसे घेतात, आणि त्यात फसवेही असतात, त्यामुळे प्राध्यापक ‘इथे छापू का?’ म्हणून तुझ्याकडेच येतील. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य जर्नल्सची आपली ‘केअर’ यादी 2025 मध्ये बंद केली. पारख संस्थेनेच करायची आहे. संपादक मंडळातली नावं त्यांच्या विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर ताडून बघ. आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणायला सांग.

कॉलेज स्वतंत्रपणे जे डेटाबेस घेतं, त्यांचे करार सहीआधी मला स्कॅन करून पाठव. दोघं मिळून वाचू.