दोन क्रेडिट कार्डांवर 1 लाख 20 हजार थकलेत. घरखर्चातून वाचवून ते कसे फेडू?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: डोंबिवलीत भाड्याचं घर, चौघांचं कुटुंब, हातात पगार 58 हजार, कामाला मुंबईला लोकलने ये-जा. दोन कार्डांवर मिळून 1,20,000 थकलेत, व्याज महिना 3.5 टक्के. ‘किमान देय’ म्हणून दर महिन्याला सहा हजारांच्या आसपास भरता, तरी आकडा हलत नाही.

आकडा का हलत नाही ते आधी बघू, कारण कुठली काटकसर कामाची आणि कुठली फुकटची हे त्यावरूनच ठरतं. 1,20,000 वर 3.5 टक्क्यांनी महिन्याचं व्याज 4,200. त्यावर 18 टक्के जीएसटी 756. एकूण 4,956. म्हणजे तुमच्या सहा हजारांतले फक्त 1,044 रुपये मुद्दलात जातात. त्याच महिन्यात हजार-बाराशेचा किराणा कार्डावर झाला की मुद्दल होतं तिथेच.

जीएसटी धरून हा दर महिना 4.13 टक्के पडतो. पुढचं सगळं या एका आकड्यावर मोजायचं आहे. कार्ड अजिबात न वापरता दर महिन्याला ठरवून सहा हजार भरलेत, तर फेडायला 43-44 महिने लागतील आणि एकूण 2,59,000 च्या आसपास जातील. बारा हजार भरलेत तर 13-14 महिन्यांत सुटाल आणि एकूण 1,58,000 जातील. जास्तीच्या सहा हजारांनी एक लाख रुपये वाचतात. मात्र थकबाकी उतरेल तसं बिलावरचं किमान देयही उतरत जातं. त्याच्या मागे आपणही कमी भरत गेलं, तर हे वर्षानुवर्षं संपत नाही. म्हणून बिलावरचा किमान आकडा बघायचाच नाही, बारा हजार म्हणजे बारा हजार.

खर्चाला हात घालण्याआधी एक चौकशी नक्की करा. नोकरीच्या ठिकाणी पगारदारांची पतसंस्था असेल, बँकेचं वैयक्तिक कर्ज मिळत असेल किंवा घरात सोनं असेल, तर कार्डाचं कर्ज तिकडे वळवा. वर्षाला 14 टक्क्यांनी कर्ज मिळालं आणि तेच बारा हजार भरलेत, तर 11 महिन्यांत फिटतं आणि व्याज जातं साधारण 8,300. प्रक्रिया शुल्क 2 टक्के धरलं तर जीएसटीसकट आणखी 2,832. कार्डावर तेच 38 हजार जातात. शिवाय कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, कार्डाच्या व्याजावर लागतो. थकबाकीचे हप्ते कार्डावरच पाडून घेतले तरी व्याजाच्या भागावर तो लागतोच, त्यामुळे कार्ड कंपनी सांगते त्या दरावर 18 टक्के चढवूनच तुलना करा. घरात भिशी असेल आणि ती बोलीची (म्हणजे जास्त रक्कम सोडेल त्याला नंबर देणारी) नसेल, तर लवकरचा नंबर मागून घ्या.

या वाटेवर माणसं एकाच ठिकाणी घसरतात. कार्ड रिकामं दिसतं आणि सहा महिन्यांत पुन्हा भरतं, मग कर्जही आणि कार्डही. म्हणून कर्जाचे पैसे कार्डावर जमा होतील त्याच दिवशी ॲपमधून दोन्ही कार्डांची मर्यादा दहा-दहा हजारांवर आणा. मुदतीआधी फेडल्यास किती शुल्क लागेल, हेही सही करण्याआधी विचारा.

कर्ज मिळो न मिळो, कार्ड वापरणं आजच थांबवा. थकबाकी पुढे ओढली की बिनव्याजी दिवसांची सवलत जाते, म्हणजे नव्या खरेदीवर त्याच दिवसापासून व्याज चालू होतं. एक टक्क्याच्या पॉइंटसाठी चार टक्के मोजणं काही शहाणपणाचं नाही. पाकिटातून कार्ड काढून ठेवणं पुरत नाही. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेलं कार्ड पुसा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर ते तोडा, नाहीतर चहा आणि भाजीसुद्धा उधारीवर जाते आणि कळतही नाही. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांची यादी बँकेच्या ॲपमध्ये मिळते. ती उघडून एकेक बंद करा. बहुतेक घरांत दोन-तीन विसरलेल्या निघतातच.

आता खर्च. सहा हजार तुम्ही भरताच, म्हणजे आणखी सहा काढायचे आहेत. मागच्या तीन महिन्यांचं बँक आणि यूपीआयचं स्टेटमेंट काढा आणि फक्त तीन ढीग करा: ठरलेलं (भाडं, फी, विमा), घरातलं (किराणा, दूध, भाजी, वीज) आणि वाटेतलं. वाटेतलं म्हणजे ज्याची आदल्या दिवशी आठवणही नव्हती ते. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या चार हजारांसाठी स्वयंपाकघराला हात लावू नका. मुलांचं दूध, फळं, डाळ कमी करून महिन्याला तीन-चारशे वाचतात आणि घरात चिडचिड होते, आणि त्या चिडचिडीतूनच शनिवारी बाहेरून जेवण येतं.

बाहेरचं जेवण आठवड्याला दोनदा येत असेल तर महिन्यातून एकदा करा. चौघांचं एका वेळचं 500 धरलं तरी तीन-साडेतीन हजार सुटतात. पण नुसतं ‘मागवायचं नाही’ ठरवून चालत नाही. मागवण्याचा प्रसंग येतो तो कामावरून उशीर झालेल्या संध्याकाळी. त्या संध्याकाळसाठी घरात काहीतरी हवं: इडली-डोशाचं पीठ, उकडलेले बटाटे, भिजवलेली कडधान्यं, कांदा-लसणाचं वाटण फ्रीजमध्ये. रविवारी तासभर यात घाला. या योजनेतला सगळ्यात जास्त पैसे देणारा तास तोच.

दहा मिनिटांत सामान आणणारी ॲप फोनमधून काढून टाका. वस्तू महाग असते एवढंच कारण नाही. घरपोच शुल्क वाचवायला आपण शंभर-दीडशेचं नको ते टोपलीत भरतो. आठवड्यातून चार वेळा तसं झालं तर महिन्याला दीड-दोन हजार जातात. कोथिंबीर संपली तर कोथिंबिरीशिवाय भाजी करायची, इतकंच. स्टेशनला एकट्याची रिक्षा सोडून शेअर रिक्षा धरली की आणखी काही शे निघतात.

इथे एक गोष्ट सांगते जी आपल्या सवयीच्या उलट आहे. एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू, तांदूळ, तूरडाळ भरून ठेवायची आपली पद्धत चांगली आहे, पण कार्डाचं कर्ज अंगावर असताना नाही. वर्षाचं धान्य आज घेतलं की ते पैसे सरासरी सहा महिने आधी अडकतात. 4.13 टक्क्यांनी सहा महिन्यांचे जवळपास 25 टक्के होतात. घाऊक भावात दहा-पंधरा टक्के वाचले तरी दहा टक्के नुकसानच. वर्षाचा रिचार्ज, मोठे डबे, ‘दोनवर एक फुकट’ हे सगळं याच मापाने मोजा. महिन्याचा किराणा एकदाच, यादी करून, तेवढाच.

लोकलचा पास मात्र हिशेबात बसतो, पण किती महिन्यांचा हे बघा. तीन महिन्यांच्या पासाला मासिक पासाच्या 2.7 पट पैसे लागतात, सहा महिन्यांच्या पासाला 5.4 पट, वर्षाच्या पासाला 10.8 पट. तुमच्या व्याजदराने मोजलं तर तीन महिन्यांचा फायद्याचा, सहा महिन्यांचा जेमतेम बरोबरीचा, वर्षाचा तोट्याचा. कर्ज फिटलं की वर्षाचा घ्या.

विजेत थोडं मिळतं. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटचे आहेत. टप्पा ओलांडला की वरच्या युनिटांना चढा दर लागतो, म्हणून वाचवलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. 2 किलोवॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. अंघोळी लागोपाठ उरका आणि बटण बंद करा. कमी वीज खाणारे नवे पंखे खरंच चांगले आहेत, पण अडीच-तीन हजारांचा पंखा आत्ता घेऊ नका, ते पैसे कार्डावर टाका.

गुंतवणुकीचं म्हणाल तर, एसआयपी आणि आवर्ती ठेव कर्ज फिटेपर्यंत थांबवा. सात टक्के मिळवायला वर्षाचे पन्नासच्या आसपास टक्के भरणं परवडत नाही. आरोग्य विमा आणि मुदत विमा मात्र कुठल्याही परिस्थितीत चालू ठेवा. आणि मिळालेले पहिले पाच-सात हजार कार्डावर न टाकता बचत खात्यात बाजूला ठेवा. व्याजाच्या हिशेबाने हे चूक दिसतं, पण मूल तापाने फणफणलं आणि हाती रोकड नसली की कार्डच बाहेर येतं आणि घडी मोडते.

घडी मोडायची दुसरी वेळ म्हणजे जून आणि गणपती-दिवाळी. वह्या-पुस्तकं, गावाचं तिकीट, फराळ, आहेर हे काही अचानक येत नाही. मागच्या वर्षीचे आकडे आठवून बेरीज करा, बाराने भागा आणि तेवढे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. त्यासाठी कार्डाचे बाराऐवजी अकरा हजार झाले तरी चालेल. दिवाळीचा बोनस आला तर त्यातून सणाचं राहिलेलं भागवून उरलेला सगळा त्याच दिवशी कार्डावर.

त्याच दिवशी का? कार्डाचं व्याज रोजच्या शिलकीवर मोजलं जातं. पगार 1 तारखेला आणि देय तारीख 18 असेल, तर बारा हजार 1 तारखेलाच भरल्याने 17 दिवसांचे 280 रुपये वाचतात, दर महिन्याला. वाचवलेले पैसे बचत खात्यात राहिले तर खर्चही होतात, हा वेगळाच तोटा. फक्त बिल तयार झाल्यानंतर भरा. बिलाच्या तारखेच्या आधी भरलेली रक्कम येणाऱ्या बिलाच्या किमान देयात धरली जात नाही आणि विलंब शुल्क बसतं. तारखा जुळत नसतील तर बिलाची तारीख बदलून मागता येते, रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तशी सोय आहे.

दोन कार्डांपैकी एकावर किमान देय भरून उरलेलं सगळं दुसऱ्यावर. दर वेगळे असतील तर महागडं आधी, सारखे असतील तर लहान थकबाकीचं आधी संपवा. कार्डावरून रोख काढून दुसरं कार्ड भरू नका. रोखीवर शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

शेवटच्या महिन्यात पुष्कळांची फसगत होते. समजा 9,000 चं बिल आलं आणि तुम्ही पंधरा दिवसांनी पूर्ण भरलंत. पुढच्या बिलात पुन्हा 180-190 रुपये व्याज दिसेल. ती चूक नसते, बिल निघाल्यापासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज आहे. ‘सगळं तर भरलं’ म्हणून ते सोडून दिलं की विलंब शुल्क लागतं आणि सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात, नोंद होते. ते भरा, त्याच्या पुढचं बिल शून्याचं येऊ द्या आणि मगच दोनपैकी एक कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या. थकबाकी नसेल तर 7 कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाल्यास बँकेला दिवसामागे 500 रुपये दंड म्हणून तुम्हाला द्यावा लागतो. अर्जाची पोच जपून ठेवा.