एआयने बनवलेला नग्न फोटो: गुन्हा कुठल्या कलमात बसतो?

प्रश्न: ताई, माझ्या धाकट्या बहिणीचा (वय 22) लग्नातला साडीतला फोटो घेऊन कुणीतरी एआयने नग्न फोटो बनवलाय आणि फेक अकाउंटवरून ओळखीच्यांना पाठवतोय. पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणाले शरीर तिचं नाहीच, मग गुन्हा कसला, अकाउंट ब्लॉक करा. घरचे म्हणतात बोभाटा नको. खरंच काही कायदा नाही का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: दादा, कायदा आहे. पण आधी बहिणीला जवळ बसवून सांगा की यात तिची काडीचीही चूक नाही, घरच्यांनाही तिच्यासमोरच सांगा.

डीपफेकसाठी, म्हणजे एआयने बनवलेल्या अशा खोट्या फोटो-व्हिडिओंसाठी, आपल्याकडे वेगळा कायदा अजून नाही, तरी त्यावाचून अडत नाही. आयटी कायदा 2000 चं कलम 67 अश्लील मजकूर ऑनलाइन टाकणाऱ्याला किंवा पाठवणाऱ्याला लागतं, पहिल्या वेळी 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड, आणि फोटोत लैंगिक कृती दाखवली असेल तर 67ए, म्हणजे 5 वर्षं आणि 10 लाखांपर्यंत. या दोन्हीत शरीर खरंच तिचं असावं अशी अट कुठेच नाही! तो वाद 66ई मध्ये निघू शकतो, कारण ते खाजगी अवयवांचा फोटो काढण्या-पसरवण्याबद्दल आहे, म्हणून तक्रारीत 67 स्पष्ट लिहा. बदनामीसाठी खोटा फोटो बनवला म्हणून भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 336 पण टाका, पैसे मागत असेल तर 308.

ब्लॉक करायची घाई नको. आधी स्क्रीनशॉट, त्यात तारीख-वेळ दिसू दे, आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, कारण नाव तो कधीही बदलेल. मग ॲपमध्येच रिपोर्ट करा, बहिणीने स्वतः किंवा तिच्या वतीने तुम्ही. असे मॉर्फ केलेले फोटो हटवायला 2021 च्या आयटी नियमांत कंपनीला 24 तास होते, फेब्रुवारी 2026 च्या दुरुस्तीने ते 2 तासांवर आणलेत. स्टॉपएनसीआयआय ही फुकट साइट पण वापरा, तिथे फोटो अपलोड होत नाही, मोबाइलवरच त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून अडवतात.

राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, नंबर जपून ठेवा आणि तो घेऊन पुन्हा स्टेशनला जा. तरीही एफआयआर घेत नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने एसपींकडे पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 173 मध्ये तशी सोय आहे, आणि तिथंही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.