रात्रीची पिशवी कोणाकडे?

‘हॅनोव्हरची सून’ अशी सही असलेले एक लांबलचक पत्र या वेळी आले आहे. त्यातला मुख्य भाग असा : “जुलैमध्ये सासू-सासरे सांगलीहून येत आहेत. त्यांना घेऊन जर्मनीतल्या कील बंदरातून फेरीबोटीने नॉर्वेतल्या ओस्लोला आणि पुढे आमच्याच गाडीने बर्गनला जायचे आहे. सासऱ्यांना रक्तदाब आणि मधुमेह आहे, सासूबाईंना बोट लागण्याची धास्ती आहे. व्हिसाचे काय, जेवणाचे काय, खिडकीची केबिन घ्यावी का, मुलांना वीस तास कसे रमवावे? सामानाची मात्र काळजी नाही. सगळ्यांचे मीच एका मोठ्या बॅगेत नीट भरून डिकीत ठेवणार आहे, म्हणजे त्या दोघांना काही बघायला नको.”

ताई, तुम्ही काळजीचे चार प्रश्न विचारले आहेत आणि पाचव्या गोष्टीची काळजी नाही असे लिहिले आहे. मला काळजी वाटते ती नेमकी त्या पाचव्याच गोष्टीची.

कीलहून दुपारी दोनला निघालेले जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ओस्लोला लागते. या वीस तासांत तुमची गाडी, तिची डिकी आणि डिकीतली ती नीट भरलेली मोठी बॅग जहाजाच्या पोटात कुलूपबंद असते. जहाज चालू असताना प्रवाशाने गाड्यांच्या बंदिस्त डेकवर कप्तानाच्या किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून जायचे नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो कोणी प्रवाशांना छळण्यासाठी केलेला नाही. तिथे शेकडो गाड्या आणि मालमोटारी दाटीवाटीने उभ्या असतात, त्यांच्या टाक्यांत इंधन असते आणि समुद्र खवळला तर अवजड वाहन जागचे हलू शकते. त्यामुळे “फक्त दोन मिनिटे जाऊन येतो” ही आपली हुकमी विनंती तिथे चालत नाही. एसटीच्या टपावरची ट्रंक कंडक्टरने मध्येच काढून द्यावी, तसे हे नव्हे.

बरे, गाडी लावल्यावर घाईघाईने डिकी उघडून बॅग काढू म्हणाल, तर तेही जमेलच असे नाही. कर्मचारी हातवारे करून गाड्या एकमेकींना इतक्या खेटून उभ्या करून घेतात, की मागच्या गाडीमुळे डिकी पुरती वर जात नाही आणि बाजूच्या गाडीमुळे दार जेमतेम वीतभर उघडते. त्या फटीतून सत्तरीतल्या माणसाने आधी एक पाय बाहेर काढायचा, मग छताला धरून उभे राहायचे आणि मग गाड्यांच्या मधून तिरके चालत जिन्यापर्यंत जायचे असते. सभोवती इंजिनांची घरघर आणि डिझेलचा वास असतो, आणि मागून कोणीतरी जर्मनमध्ये पुढे चला म्हणत असतो. अशा वेळी मोठी बॅग धुंडाळून कवळीची डबी शोधणे कोणालाही शक्य नाही.

हे मला पुस्तकात वाचून कळलेले नाही. १९९६ साली आम्ही ट्राफेम्युंडेहून रात्रीच्या फेरीने स्वीडनला, ट्रेलेबोर्गला निघालो होतो आणि माझ्या सासूबाई सोबत होत्या. मीही तुमच्यासारखीच कर्तबगार सून होते. सगळ्यांचे कपडे, औषधे, टॉवेल मीच भरले होते आणि बॅगेच्या कप्प्याकप्प्यांवर चिठ्ठ्यासुद्धा चिकटवल्या होत्या. रात्री अकराच्या सुमारास सासूबाई केबिनच्या पलंगावर बसून शांतपणे म्हणाल्या, “अगं, माझी झोपतानाची गोळी?” गोळी निळ्या कप्प्यात होती, निळा कप्पा बॅगेत होता, बॅग डिकीत होती आणि डिकी चार मजले खाली होती. आमचे हे स्वागतकक्षात गेले. तिथल्या बाईंनी सौजन्याने सांगितले, की दार आता पोचल्यावरच उघडेल. गोळी रक्तदाबाची होती. एक दिवस चुकली म्हणून आभाळ कोसळले नाही, पण त्या रात्री आम्ही कोणी झोपलो नाही, आणि सासूबाई तर पहाटेपर्यंत आम्हालाच धीर देत राहिल्या. सकाळी त्या एवढेच म्हणाल्या, “माझी पिशवी मला भरू दिली असतीस तर ती माझ्या उशाशी असती.”

त्या वाक्याचा राग यायला मला एक दिवस लागला आणि ते पटायला काही वर्षे. आपण परदेशात राहणाऱ्या सुना-मुली पाहुण्या वडीलधाऱ्यांना “तुम्ही काही बघू नका” असे फार प्रेमाने सांगतो, आणि त्यातून त्यांच्या हातातले स्वतःचे जगच काढून घेतो. सांगलीत ज्या बाई तीस वर्षे नवऱ्याच्या गोळ्यांचा हिशेब ठेवत आल्या, त्यांना इथे आल्यावर स्वतःची तेलाची बाटली कुठे आहे हे सुनेला विचारावे लागते. तुम्ही हे दुष्टपणाने करत नाही, हे मला ठाऊक आहे, पण करता हे खरे.

तेव्हा प्रत्येकाची एक स्वतंत्र, खांद्याला अडकवता येईल अशी रात्रीची पिशवी असावी, आणि ती ज्याची त्याने भरावी. सासऱ्यांच्या पिशवीत दोन दिवसांच्या गोळ्या मूळ वेष्टनासह असाव्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत असावी, चष्मा, कवळीची डबी, कानाचे यंत्र असल्यास त्याचे जादा सेल आणि फोनचा चार्जर असावा. मधुमेह आहे म्हणता, तर थोडी बिस्किटे आणि साखरेचे काहीतरी हाताशी हवेच, कारण जेवणाच्या रांगेत कधी किती वेळ जाईल याचा नेम नसतो. ते इन्सुलिन घेत असतील तर साध्या केबिनमध्ये फ्रिज असेलच असे गृहीत धरू नका, तिकीट काढतानाच विचारून ठेवा. सासूबाईंच्या पिशवीत शाल आणि स्वेटर हवेत, कारण जुलै असला तरी उघड्या डेकवरचा वारा मिरजेच्या जानेवारीलाही लाजवील. बाकी त्यांनी काय भरले आहे ते उघडून पाहू नका. माझ्या आईने तिच्या पिशवीत सुपारी, विक्सची डबी, भाजणीच्या चकल्या आणि का कोण जाणे एक कुलूप घेतले होते. कुलूप वापरले गेले नाही, चकल्या मात्र केबिनमध्ये सगळ्यांना पुरल्या.

पिशव्या डिकीत नव्हे, मांडीवर किंवा पायाशी ठेवा. पासपोर्ट आणि तुमची निवासपत्रे बंदरावरच्या तपासणीत लागतील, ती एकाच माणसाकडे असू द्या. हे काम तुमच्या यजमानांना द्या. पत्रात त्यांचा उल्लेख फक्त गाडी चालवण्यापुरता आला आहे.

आता बाकीचे प्रश्न. व्हिसाबद्दल फार घाबरू नका. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण २००१ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. त्यामुळे सासू-सासऱ्यांच्या शेंगेन व्हिसावर, तो त्या दिवसांत चालू असला आणि मुक्कामाचे दिवस शिल्लक असले, की जर्मनीहून थेट जाता येते. मूळ पासपोर्ट मात्र सोबत हवेत, मोबाइलमधले फोटो पुरत नाहीत. नॉर्वे संघाबाहेर असल्याने जकातीचे नियम वेगळे आहेत, आणि त्यातला आपल्याला चकवणारा नियम म्हणजे तिथे बटाटे नेता येत नाहीत. बर्गनला जाऊन भाजी करण्यासाठी पिशवीभर बटाटे घेतले असतील तर हॅनोव्हरलाच ठेवा. सांगलीहून आलेल्या तुपाबद्दल मी काही बोलत नाही. ते मुळात जर्मनीतही आणायचे नव्हते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

बोट लागण्याविषयी म्हणाल, तर जहाजाचा मधला आणि खालचा भाग सर्वांत कमी हलतो आणि क्षितिजाकडे पाहत बसल्याने बरे वाटते. मळमळीच्या गोळ्या त्यांच्या नेहमीच्या औषधांबरोबर चालतात का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. आणि गोळी सासूबाईंच्या पिशवीत ठेवा, तुमच्या नव्हे. जेवणाचे फार मनावर घेऊ नका. पाव, सॅलड, फळे मिळतात. केबिनमध्ये केटल किंवा छोटा कुकर लावायचा नाही, आगीच्या भीतीने त्याला मनाई असते. मुले रमतील, मुलांना जहाजात रमवावे लागत नाही.

खिडकीची केबिन मात्र घ्या, पैसे पुरत असतील तर निदान सासू-सासऱ्यांसाठी. तुम्ही दोघे मुलांना घेऊन आतल्या केबिनमध्ये झोपा. सुटल्यानंतर साधारण चार तासांनी जहाज डेन्मार्कच्या स्टोअरबेल्ट पुलाखालून जाते. १९९८ साली वाहतुकीला खुल्या झालेल्या या पुलाचा मधला गाळा १,६२४ मीटरचा आहे आणि पाण्यापासून पुलापर्यंत ६५ मीटर मोकळी जागा आहे, तरी डेकवरून पाहताना धुराडे आता आपटणार असेच वाटते. माझे सासरे त्या क्षणी नकळत मान खाली घालून उभे राहिले होते आणि मग आपल्याच मानेवर हसत बसले. त्या वेळी सगळ्यांना वर घेऊन जा, शाल विसरू नका. सकाळी साडेआठच्या सुमारास फिओर्ड, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची खाडी, अरुंद होतो, तिथे ड्रोबाकजवळ ऑस्कार्सबोर्गचा किल्ला आहे. ९ एप्रिल १९४० रोजी या किल्ल्याने ब्ल्यूखर ही जर्मन युद्धनौका बुडवली, आणि ती अजून तिथेच तळाशी आहे. इतिहासाची आवड असलेल्या सासऱ्यांना हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा, म्हणजे ते न उठवता उठतील.

दहाला जहाज लागण्यापूर्वी गाडीकडे जाण्याची घोषणा होते आणि एकाच वेळी सगळे जिन्याकडे धावतात. अनेक डेक, अनेक जिने आणि एकसारखी दारे असल्यामुळे आपली गाडी नेमकी कुठे आहे हे कोणालाच आठवत नाही. गाडी लावली त्याच क्षणी भिंतीवरचा डेकचा आणि जिन्याचा क्रमांक कागदावर लिहून घ्या. तो कागद सासऱ्यांच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी तुम्ही सगळे त्यांच्या मागे चाला.