सुपीक माती, उपाशी रान

मागच्या वेळी मी लिहिलं होतं, की टेकडीवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड माजलं की आधी माती बदलते आणि मग रान. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. काही काळजीची होती, काही चक्क रागावलेली. त्यातली काही इथे घेते.

प्रश्न (पुणे) : ताई, मी पंचवीस वर्षं रोज वेताळ टेकडीवर फिरायला जातो. गिरिपुष्पाखालची माती काळी आणि भुसभुशीत लागते, शेजारच्या उघड्या माळावर नुसता मुरूम. माझे वडील बांधावर गिरिपुष्प लावायचे आणि त्याचा पाला भातखाचरात तुडवायचे. मग हे झाड माती बिघडवतं असं तुम्ही कशावरून म्हणता?

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते बरोबर आहे आणि तुमचे वडीलही बरोबर होते. शेतातून आपण दरवर्षी पीक काढून नेतो, त्याबरोबर नत्रही, म्हणजे नायट्रोजनही, जातो. तो भरून काढायला गिरिपुष्पाचा पाला उत्तम. टेकडीवरून मात्र कोणी पोती भरून नेत नाही. तिथला थोडासा नत्र वर्षानुवर्षं तिथल्या तिथेच फिरतो, आणि मोई, सालई, गणेर, मेडशिंगी, धावडा ही मंडळी तेवढ्यावर संसार करायला शिकलेली आहेत. शेताचं माप रानाला लावलं की गडबड होते.

गिरिपुष्प मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतात, त्यामुळे पानंही नत्राने गच्च भरलेली. पाऊस पडला की हा पाला काही आठवड्यांत कुजून जातो. एखाद्या ऑगस्टमध्ये गिरिपुष्पाच्या दाट गर्दीत बसून पाहा. मी अनेकदा बसले आहे. वर हिरवं छत, पण खाली गेल्या हिवाळ्यातल्या पाचोळ्याचे देठ तेवढे उरलेले, माती उघडी, आणि पानांवरून ओघळणारे टपोरे थेंब थेट तिच्यावर आपटताहेत. तिथून उठून एखाद्या जुन्या मोईखाली जा. तिथे पाचोळ्याचे थर सुटे करता येतात. वरचं पान अख्खं, त्याखालचं जाळी झालेलं, त्याखाली ओलसर तुकडे आणि त्यांना शिवल्यासारखे पांढरे धागे. हे बुरशीचे धागे. त्यांच्यावर जगणारे कोळीकिडे आणि पिसवेएवढे पांढरे, टुणकन उड्या मारणारे किडे, पाचोळा कुरतडणाऱ्या वाणी, त्यांच्या मागावर गोम, असा सगळा मोहल्ला त्या चार बोटांच्या जाडीत नांदत असतो. हळू कुजणारा पाला हे या मोहल्ल्याचं वर्षभराचं धान्य आहे. नत्राने भरलेला पाला मिळाला की जिवाणूंची चंगळ होते. ते भराभर खातात, भराभर वाढतात, आणि सावकाश काम करणारी बुरशी मागे पडते.

यापेक्षाही मोठं नुकसान कवकमुळांचं, म्हणजे मायकोरायझाचं. आपल्याकडच्या बहुतेक रानझाडांच्या मुळांत ही बुरशी राहते. ती झाडाला स्फुरद (फॉस्फरस) आणि पाणी आणून देते, झाड तिला साखर देतं. मातीत नत्राची रेलचेल झाली की अनेक ठिकाणी हा व्यवहार थंडावलेला दिसतो. झाड साखर देताना हात आखडतं आणि बुरशीच्या जाती घटतात.  याने मोईच्या रोपाचं अडतं, कारण मुरमाड जमिनीत पहिले दोन उन्हाळे काढायला त्याला ते धागे लागतात.

तुम्ही म्हणाल, खैर, पळस, पांगारा यांच्याही मुळांवर गाठी असतात. असतात, आणि ती झाडं आपलीच आहेत. फरक मात्रेचा आहे. रानात चार पळस दहा इतर झाडांत मिसळून असतात. गिरिपुष्प मात्र एका उतारावर शेकड्यांनी, खांद्याला खांदा लावून उभं असतं.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण हवाई बेटांवरचं. अटलांटिकमधल्या अझोर्स आणि कॅनरी बेटांवरचं ‘फाया’ नावाचं झाड पोर्तुगीज स्थलांतरितांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकडे नेलं. ज्वालामुखीच्या कोवळ्या राखेत नत्र जवळजवळ नसतोच, आणि तिथलं ‘ओहिया’ हे देशी झाड त्या उपासमारीत वाढायला सरावलेलं. फायाच्या मुळांत नत्र बांधणारे जिवाणू आहेत. शास्त्रज्ञ पीटर व्हिटोसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली दाखवून दिलं, की फाया घुसलेल्या जागी मातीत येणारा नत्र सुमारे चौपट झाला होता. माती सुपीक झाली आणि त्या सुपीकतेचा फायदा इतर परदेशी झाडाझुडपांना झाला. आपल्या टेकड्यांवर फाया नाही, पण मला त्या मोईखाली उकिडवं बसलं की तीच गोष्ट आठवते.

प्रश्न (रत्नागिरी जिल्हा) : आमच्या सड्याला, म्हणजे कातळाच्या पठाराला लागून ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड झाली होती. आता ती आपोआप सड्यावर पसरते आहे. तिचा पातेरा वर्षानुवर्षं कुजत नाही. मग गिरिपुष्पाचं गणित इथे कसं लागू होणार? आणि हा पातेरा कलमांच्या आळ्यात घातला तर चालेल का?

उत्तर : इथे गणित उलट्या बाजूने सुरू होतं. ऑस्ट्रेलियन बाभळीचं ‘पान’ म्हणजे चपटा झालेला देठ, चामड्यासारखा चिवट. तो साचत जातो आणि खालच्या गवताला, बियांना ऊन मिळत नाही. पण मुळांवर गाठी हिच्याही आहेत, म्हणजे उशिरा का होईना, नत्र मातीत उतरतोच.

आणि सड्यावर तो उतरणं ही मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट आहे. पावसात सड्यावर गुडघे टेकून पाहिलंत तर तांबड्या केसांवर चिकट थेंब मिरवणारं ‘दवबिंदू’ नावाचं रोप दिसेल, आणि शेजारी ‘सीतेची आसवं’ या रोपाची निळी-जांभळी फुलं. दवबिंदू पानांवर किडे पकडतं. सीतेच्या आसवांचे बारीक फुगे ओल्या मातीत सूक्ष्म जीव ओढून घेतात. जमिनीत नत्र नाही म्हणून तर या वनस्पतींनी किडे खायची वाट धरली. जिथे नत्र फुकट मिळू लागतो तिथे उंच, हावरं गवत येतं आणि बोटभर उंचीच्या या रोपांना झाकून टाकतं. कातळावर मुठीएवढी माती असते. ती बदलायला फार झाडं लागत नाहीत. ‘पडीक सडा हिरवा करू’ म्हणून कातळावर झाडं लावणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, तो सडा पडीक नाही.

पातेरा आळ्यात घालायला हरकत नाही, पण शेंगांचा चुरा त्यात येऊ देऊ नका. काळं बी आणि त्याला गुंडाळलेला केशरी दोरा हाताला लागला, तर ते बाजूला काढून जाळा. तो दोरा पाखरांना आवडतो, आणि हे झाड सड्यावर पोचतं ते बरंचसं त्यांच्याच पोटातून. पातेरा शेणकाल्याबरोबर वर्षभर खड्ड्यात कुजवून मगच वापरलात तर उत्तम.

प्रश्न (सोलापूर) : कृषी सेवा केंद्रात मायकोरायझाची पावडर मिळते. टेकडीवर देशी रोपं लावताना ती टाकू का?

उत्तर : टाकून तोटा नाही, पण फार भरवसा ठेवू नका. त्या पाकिटात बहुधा एकदोन जाती असतात, पिकांसाठी निवडलेल्या. त्यापेक्षा त्याच टेकडीवर जे जुनं खैर किंवा हिवर तग धरून असेल, त्याच्याखालची ओंजळभर माती मुळांच्या बारीक तुकड्यांसकट आणून रोपवाटिकेच्या मिश्रणात घाला. देवराईतून मात्र माती उचलू नका, आणि दुसऱ्या जिल्ह्यातली माती आणू नका. बुरशीचा जोडीदार किती महत्त्वाचा असतो, हे पाइनच्या लागवडीने जगाला शिकवलं. दक्षिण गोलार्धात पाइनची रोपं अनेक ठिकाणी खुरटून मरत होती. जुन्या पाइनखालची माती बुरशीसह आणली तेव्हा ती वाढली. पुढे तेच पाइन तिथल्या माळांवर तण होऊन पसरले. तुमच्या भागात वेड्या बाभळीखाली रोपं लावणार असाल, तर आधी ती बाभूळ मुळापासून काढा.

प्रश्न (मिनेसोटा, अमेरिका) : आमच्या घरामागच्या जंगलात बकथॉर्न नावाचं परदेशी झुडूप फार झालं आहे. तिथल्या स्वयंसेवकांनी सांगितलं, की ते काढा आणि गांडुळंही सोडू नका. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे तर आपण शाळेत शिकलो!

उत्तर : शाळेत शिकवलं ते शेतासाठी होतं, आणि ते आजही खरं आहे. मिनेसोटा हिमयुगात बर्फाखाली होतं. तिथे स्वतःची गांडुळं नाहीत. आज दिसतात ती युरोप आणि आशियातून आली, कुंड्यांच्या मातीतून आणि मासेमारीच्या गळाला लावायच्या आमिषातून. तिथलं मेपलचं जंगल गांडुळांशिवाय घडलेलं आहे. पाचोळ्याची जाड गादी हळूहळू कुजते आणि मेपलची रोपं, ट्रिलियमची फुलं त्या गादीत रुजतात. गांडुळं ती गादी काही वर्षांत खाऊन टाकतात, उरते उघडी कडक माती. बकथॉर्नचा पाला नत्राने भरलेला, म्हणजे गांडुळांना मेजवानी, आणि उघड्या मातीत बकथॉर्नच्या बिया सहज रुजतात. दोघं एकमेकांना पोसतात.

शरद ऋतूत बाकीची झाडं निष्पर्ण होतात तेव्हा बकथॉर्न हिरवंच असतं, लांबूनही ओळखू येतं. काढायचं तेव्हाच काढा. लहान रोपं उपटा, मोठी कापलीत तर बुंध्यातून पुन्हा फुटतात हे लक्षात ठेवा. उरलेलं आमिष कचऱ्यात टाका, जंगलात नको.

प्रश्न (पिंपरी-चिंचवड) : आमचा गट दर रविवारी श्रमदान करतो. येत्या उन्हाळ्यात एका टेकडीवरचं सगळं गिरिपुष्प साफ करून पावसाळ्यात देशी झाडं लावायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : तुमची तळमळ कळते, पण ‘सगळं साफ’ हा बेत सोडून द्या. शहरी भागात झाड तोडायला 1975 च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन कायद्याखाली परवानगी लागते, आणि जमीन वनखात्याची असेल तर त्यांची. हे आधी करा, कुऱ्हाड नंतर.

परवानगी मिळाली तरी एकदम मोकळं केलेल्या उतारावर पुढच्या पावसात काय येतं ते मी पाहिलं आहे. गिरिपुष्पाने साठवलेला नत्र मातीत तयार असतो, वरून भरपूर ऊन मिळतं, आणि रानमोडी, घाणेरी ही तणं पुरुषभर वाढतात. त्यात लावलेली धावड्याची शंभर रोपं शोधायलाही सापडत नाहीत. झाड गेलं तरी माती विसरत नाही. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवरून ऑस्ट्रेलियन बाभळीची एक जात काढली, तरी मातीतला नत्र पुढे काही वर्षं चढाच राहिला. जिथे झाडाबरोबर साचलेला पाचोळाही उचलला, तिथे माती लवकर सावरली.

म्हणून छोटे तुकडे घ्या. जिथे आधीच एखादं मोई, मेडशिंगी किंवा हेंकळ तगून आहे, तिथून सुरुवात करून त्याच्याभोवतीचं गिरिपुष्प काढा आणि दरवर्षी तो घेर वाढवा. जानेवारी ते मार्च फुलोरा असतो, शेंगा तडकायच्या आत काम उरका. कापलेले दांडे टेकडीवर टाकून येऊ नका. कुंपणाला गिरिपुष्प लावतात ते नुसता दांडा रोवूनच, तुम्ही टाकलेले दांडे जूनमध्ये मुळं धरतील. पाला खाली आणून जवळच्या शेतकऱ्याला द्या, त्याला तो हवाच असतो. बुंध्याला फुटवे येतील, ते पावसाळ्यात दोनतीनदा खुडावे लागतील. निदान तीन वर्षं माणसं मिळणार नसतील, तर निम्माच तुकडा घ्या.

आणि मोकळ्या झालेल्या मातीवर वाळलेलं गवत जाड अंथरा. कच्चा भुसा मातीत गेला की पीक पिवळं पडतं, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. भुसा कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात म्हणून तसं होतं. शेतात जे नको, तेच इथे हवं आहे.

प्रश्न (नाशिक) : चिंच आफ्रिकेतली, काजू ब्राझीलचा, गुलमोहर मादागास्करचा. तुमच्या हिशेबाने हेही काढायचे का?

उत्तर : नाही. बाहेरून आलेलं प्रत्येक झाड आक्रमक नसतं. रस्त्याकडेचा गुलमोहर रानात घुसून त्याचं रान करत नाही, आणि चिंचेखाली चिंचेचं जंगल होत नाही. गुलमोहर जुन्या रानात लावू नका, एवढंच म्हणेन. मी झाडाचा पासपोर्ट विचारत नाही. माणसाने हात लावला नाही तर ते दहा वर्षांत किती पसरलं, एवढंच पाहते. दारातली सुबाभूळ आठवून पाहा. एक लावली होती, आता कुंपणापलीकडे किती आहेत ते मोजून मला कळवा.