थारच्या सॉफ्ट टॉपला, म्हणजे कापडी हुडाला, चार इंचांची चीर गेली आहे. शिवून चालेल की नवीनच टाकू?

चार इंचांसाठी नवीन हूड घेऊ नका. शोरूमवाला नवीनच टाका म्हणणार, कारण त्याला शिवता येत नाही.

तुम्ही लिहिलंय की चीर मागच्या कमानीजवळ (हूड ज्या वाकवलेल्या पाइपावर ताणलेलं असतं तो) आहे आणि गॅरेजवाला म्हणाला, 'उन्हानं फाटलं असेल.' त्या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसलोय. नागपुरात काहीही फाटलं, तडकलं, आटलं की नाव उन्हाचं. ऊन काही उलटून बोलत नाही ना.

माझ्याकडे सॉफ्ट टॉप जिप्सी होती. मे २०१३, पारा ४७ च्या वर गेला होता तो आठवडा. काटोलला ताईकडे कूलर न्यायचा होता. भाऊजी स्वतः आले आणि गांधीबागेतून कूलर घेतला. मागे कूलर बसला, वाळ्याच्या ताट्या बसल्या, ताईची दोन पोट्टी बसली. उरलं लोखंडी अँगलचं स्टँड. भाऊजींनी ते उचललं, आडवं करून थेट हुडावर ठेवलं आणि सुतळीनं आवळलं.

मी म्हटलं, "भाऊजी, कापड आहे ते."

"अरे ताडपत्रीच तं आहे. ट्रकवर नाही का टाकत?"

ट्रकवर ताडपत्री मालाच्या वर असते, माल ताडपत्रीच्या वर नसतो. हे वाक्य मला त्याच रात्री सुचलं. त्या क्षणी आई फाटकात उभी होती आणि डोळ्यांनी सांगत होती, जावयाले काही बोलू नोको.

कळमेश्वर ओलांडलं आणि एका खड्ड्यात वरून 'चर्रर्र' झालं. उतरून पाहिलं तर मागच्या कमानीला लागून चांगली वीतभर चीर. भाऊजींनी वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "हूड सडलंच होतं तुझं. उन्हात उभी करतो ना गाडी." वर काटोलला पोचल्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या चार ट्यूबा आणून स्वतःच्या हातानं चीर चिकटवली. तो गोंद वाळला की काचेसारखा कडक होतो, कापड मात्र हलत राहतं. परत येताना गोंदाच्या दोन्ही कडांनी नवीन चिरा गेल्या. एकाच्या तीन झाल्या.

मग गेलो मोमिनपुऱ्याकडे, ताडपत्री शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांकडे. त्यांनी हूड हातात घेतलं, चिरेच्या कडेचे धागे दोन बोटांत चोळले आणि म्हणाले, "बेटा, ये सड़ा नहीं है, कटा है." तेव्हापासून हे वाक्य जपून ठेवलंय.

तुम्हीही आधी हेच करा. कडेचे धागे चोळा. भुगा झाला किंवा रेक्झिनचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला, तर उन्हानं खाल्लंय, आणि ठिगळाशेजारी सहा महिन्यांत पुन्हा फाटेल. धागे लांब आणि चिवट असतील तर कशानं तरी कापलंय किंवा घासलंय. मग ते 'कशानं' शोधा, नाहीतर ठिगळही तिथेच फाटेल. आतून कमानीवर हात फिरवा. बहुतेक वेळा एखादा बोल्ट किंवा गंजून खरखरीत झालेला पाइप सापडतो. पाइप घासून गुळगुळीत करा आणि त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा.

दुरुस्ती अशी. त्याच जातीचं कापड घ्या, चिरेपेक्षा चहूबाजूंनी दोन इंच मोठं, कोपरे गोल कापलेलं. चौकोनी कोपरा आधी उचलतो. ठिगळ आतून लावायचं. दोन्ही बाजू स्पिरिटनं पुसा आणि सीट कव्हरवाले वापरतात तो रबरी सोल्यूशन दोन्हीकडे पातळ लावा. लगेच चिकटवू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला तार येणं बंद झालं की मगच दाबा. दुपारच्या उन्हात करू नका, सोल्यूशन लावता लावताच वाळतो. हूड गाडीवर चढवलेलं असताना करा. काढून जमिनीवर चिकटवलं तर चढवताना सुरकुती पडते. मग कडेनं शिलाई, पॉलिएस्टरच्या दोऱ्याची. सुती दोरा पावसात कुजतो. टाके फार जवळ घालू नका, नाहीतर पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेषेत फाटेल. सुईच्या भोकांवर मेण चोळा. चीर घडीवरच असेल तर मात्र ठिगळ फार टिकत नाही, तो पूर्ण पट्टाच बदलून घ्या.

पुन्हा फाटू नये म्हणून हूड ताणलेलं ठेवा. सैल हूड ८० च्या वेगाला फडफडतं आणि कमानीवर घासतं, पावसात मध्ये पाण्याचा डोह साचतो तो वेगळाच. धूळ बसलेली असताना घडी घालू नका, घडीतली धूळ म्हणजे पॉलिश पेपर. ओलं असताना तर अजिबात नाही, बुरशी धरते. मागचं पारदर्शक प्लास्टिक गुंडाळताना मध्ये जुना सुती पंचा ठेवा, आणि डिसेंबरच्या गार सकाळी ते वाकवू नका, तडकतं. धुवायला साधं पाणी आणि सौम्य शॅम्पू. चकाकीसाठी तेल लावणारे लोक आहेत, त्यांच्याशी मी बोलत नाही.

उन्हाळ्यात मनपा सिग्नलवर लावते तशी हिरवी नेट पार्किंगवर बांधा. हो, ऊन हूड खातंच, ते मी नाकारत नाही. पण ते हळूहळू खातं, वर्षानुवर्षं. कळमेश्वरपासून काटोलपर्यंतच्या रस्त्यात खात नाही.

आता खरं सांगायचं तर चाचांनी त्याच दिवशी ड्रायव्हरच्या बाजूची शिलाई नखानं उकलून दाखवली. दोरा कुजला होता, नुसत्या ओढण्यानं टाके सुटत होते. बायको दिवाळीपासून सांगत होती. ती पूर्ण बाजू पुन्हा शिवून घेतली. घरी हे अजून कोणाला माहीत नाही. पण ती ड्रायव्हरची बाजू होती, कमान नव्हे, हे लक्षात घ्या.

आणि हे सगळं थार, जिप्सी, जुन्या जीपसाठी. बटण दाबून उघडणाऱ्या परदेशी गाडीचं छत बहुतेक तीन थरांचं असतं, मध्ये रबराचा थर. तिथे सोल्यूशन घेऊन जाऊ नका, ते काम जाणकाराचंच.

चिरेच्या कडेचा जवळून फोटो टाका, धागे चोळून झाल्यावरचा. आणि त्या आठवड्यात हुडावर काही ठेवलं होतं का, कोणी ठेवलं होतं, तेही लिहा.