अडकलात तेव्हा काय झालं, ते लिहा

तुमचे तीन प्रश्न आहेत. वीस-पंचवीस अ‍ॅडव्हेंचर गेम, म्हणजे कोडी सोडवत गोष्ट पुढे नेणारे संगणकावरचे खेळ, खेळून झाल्यावर आता परीक्षणं लिहायची आहेत, तर ग्राफिक्स, आवाज, कथा आणि कोडी यांना दहापैकी गुण देऊन सरासरी काढावी का? वॉकथ्रू (सगळी उत्तरं ओळीने सांगणारी टिपणं) बघून संपवलेल्या गेमवर लिहावं का? आणि जुन्या गेमना कुठली फूटपट्टी लावावी? मी बरीच वर्षं ही परीक्षणं लिहिते आहे, आणि माझीही सुरुवात याच चार रकान्यांनी झाली होती.

सरासरी काढू नका. समजा चित्रं ९, संगीत ९, कथा ९ आणि कोडी ३. सरासरी येते साडेसात, म्हणजे चांगला गेम. पण प्रत्यक्षात खेळणारा तिसऱ्या-चौथ्या कोड्यापाशी कंटाळून गेम बंद करतो आणि ती नऊ गुणांची कथा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. अ‍ॅडव्हेंचर गेममध्ये कोडी हा चारांतला एक विभाग नसतो, बाकी सगळ्याकडे जायची वाट त्यांतूनच जाते.

म्हणून माझ्या परीक्षणांचा पाया एकच आहे: अडकलेल्या वेळांची वही. खेळताना जिथे दहा मिनिटांपेक्षा जास्त अडकते, तिथे मी थांबून लिहिते. मला काय साधायचं होतं, काय काय करून पाहिलं आणि शेवटी वाट कशी सापडली. उत्तर कळल्यावर मनात जे पहिलं वाक्य येतं, तेही लगेच टिपते. ‘अरे, हे तर समोरच होतं’ असं वाटलं, तर कोडं खरं. ‘हे कुणाला कसं सुचणार?’ असं वाटलं, तर दोष कोड्याचा असण्याची शक्यता मोठी. दोन दिवसांनी आठवून लिहायला बसलात तर ही दोन वाक्यं एकमेकांत मिसळतात, कारण उत्तर माहीत झालं की सगळंच सोपं वाटायला लागतं.

अडकण्याचेही प्रकार असतात. वस्तू पडद्यावर होती पण चार पिक्सेलची होती, हा सगळ्यात हलका प्रकार. आजकाल बहुतेक गेम एक कळ दाबली की सगळे हॉटस्पॉट, म्हणजे क्लिक करता येणाऱ्या जागा, दाखवतात, त्यामुळे तो मिटत आला आहे. काय करायचं ते कळतंय पण कसं ते सुचत नाही, हे अडकणं चांगलं. त्याच्यासाठीच तर आपण हे गेम खेळतो. सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याला नेमकं काय करायचं आहे हेच न कळणं. परीक्षणात ‘कोडी अवघड आहेत’ एवढंच लिहिलं तर यांतलं काहीच वाचणाऱ्याला समजत नाही.

१९९९ च्या ‘गेब्रिएल नाइट ३’मधलं मांजराच्या केसांचं कोडं नेहमी उदाहरण म्हणून दिलं जातं. मोटरसायकल भाड्याने मिळवण्यासाठी नायकाला एका ओळखीच्या माणसाचं सोंग घ्यायचं असतं. त्यासाठी चिकटपट्टीवर मांजराचे केस जमवून, ते सिरपने चिकटवून मिशी करायची. गंमत अशी की ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नाही. म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोलाही मिशी काढायची. लोक म्हणतात, कोडं विचित्र आहे म्हणून वाईट. मला ते पटत नाही. १९९३ च्या ‘डे ऑफ द टेंटॅकल’मध्ये एक स्वेटर ड्रायरमध्ये टाकून त्यात इतकी नाणी घालायची असतात की तो २०० वर्षं फिरत राहतो. मग भविष्यकाळात अडकलेल्या मुलीच्या हाती तो आटून इवलासा येतो आणि गारठलेल्या हॅमस्टरला बरोब्बर बसतो. विचित्रपणात हे मिशीच्या तसूभरही मागे नाही. पण इथे हॅमस्टर गारठलाय हे दिसतं, स्वेटर ऊब देतो हे माहीत असतं आणि एका काळात केलेला बदल पुढच्या काळात उमटतो हा नियम गेमने आधीच शिकवलेला असतो. उत्तर करून पाहण्याआधी मनात येऊ शकतं. मिशीचं तसं नाही, कारण ज्याला मिशी नाही त्याचं सोंग घेताना मिशी हवीशी वाटायला काहीच कारण नाही. विचित्रपणाचे गुण कापू नका. खेळणाऱ्याला ती इच्छा होईल अशी सोय केली आहे का, ते बघा.

उलट बाजूला १९९७ चा ‘रिव्हेन’ ठेवा. तिथल्या एका शाळेच्या खोलीत लाकडी खेळणं आहे. ते चालवलं की एक अनोळखी चिन्ह दिसतं आणि टांगलेली बाहुली तितके टप्पे खाली, एका जबड्याकडे सरकते. कुणी काही सांगत नाही. आपण टप्पे मोजतो आणि ही अंकलिपी आहे हे आपलं आपल्याला कळतं. पाचचं चिन्ह म्हणजे एकचंच चिन्ह काटकोनात फिरवलेलं, सहा म्हणजे पाच आणि एक एकत्र. शाळेत दहापर्यंतच शिकायला मिळतं. पुढचे अंक नियमावरून स्वतः बांधावे लागतात, कारण घुमटाचं कुलूप त्याच अंकांनी उघडतं. मी यात दोन संध्याकाळी अडकले होते. वहीत त्या दोन्ही दिवसांपुढे मी ‘आनंद’ असं लिहिलेलं आहे. नुसता अडकल्याचा वेळ मोजला असता तर हाच गेम मी पाडला असता.

भाषेवर उभी असलेली कोडी मात्र वेगळी नोंदवा. १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’मध्ये मेट्रोनोम या ताल धरणाऱ्या यंत्रावर केळं ठेवून माकडाला संमोहित करायचं आणि मग त्या माकडालाच पान्हा म्हणून वापरून पंपाचा नळ फिरवायचा. अमेरिकन इंग्रजीत एका प्रकारच्या पान्ह्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात, एवढ्यावर ते कोडं उभं आहे. ज्याला तो शब्द माहीत नाही त्याची बुद्धी इथे कामी येत नाही. अशा जागा आधीच सांगितल्यात तर वाचणारे मनापासून आभार मानतील.

आता वॉकथ्रू. जरूर लिहा, फक्त लपवू नका. ‘तीन ठिकाणी मदत घेतली, त्यांतल्या दोन ठिकाणी उत्तर पटलं, एका ठिकाणी नाही’ हे एक वाक्य गुणांपेक्षा जास्त सांगतं. मदत घेणं या खेळाइतकंच जुनं आहे. इन्फोकॉम ही कंपनी ऐंशीच्या दशकात हिंटची पुस्तिका विकायची. त्यात उत्तरं अदृश्य शाईत असत आणि खास पेनने घासल्यावर एकेक ओळ दिसे, आधी हलका इशारा आणि अगदी शेवटी उत्तर. मदतही अशीच पायरीपायरीने घ्या. पूर्ण उत्तर एकदम वाचलंत तर कोडं चांगलं होतं की वाईट, हे ठरवायची संधीच जाते. गेमच्या आत मदतीची सोय असेल तर तिचंही परीक्षण करा. ‘मशिनॅरियम’मध्ये उत्तरांची वही आहे, पण ती उघडायला दर वेळी एक छोटा कंटाळवाणा खेळ खेळावा लागतो. त्यामुळे माणूस आधी स्वतः आणखी पाच मिनिटं डोकं चालवतो. मला ही फार शहाणी योजना वाटते.

जुन्या गेमबद्दल माझं मत ठाम आहे: गुण आजच्या अनुभवाला द्या आणि काळाचा संदर्भ मजकुरात द्या. १९९० च्या ‘किंग्ज क्वेस्ट ५’मध्ये बेकरीबाहेर मांजर उंदराच्या मागे लागतं. त्या काही क्षणांत तुम्ही मांजराला काही फेकून मारलं नाही, तर खूप पुढे तळघरात तुमचे दोर कुरतडायला तो उंदीर येत नाही आणि खेळ तिथेच संपतो. भूक लागली म्हणून जवळचा कस्टर्ड पाय हा गोड पदार्थ खाल्लात तर हिममानवावर फेकायला तो उरत नाही. जुना सेव्ह (आधी साठवून ठेवलेली खेळाची स्थिती) नसेल तर पहिल्यापासून खेळा. त्या काळी हे चालत असे, हे खरं. पण आज विकत घेणाऱ्याची संध्याकाळ आजचीच जाते. ‘मंकी आयलंड’ करणाऱ्या रॉन गिल्बर्टने १९८९ मध्येच अशा बंद वाटांविरुद्ध लेख लिहिला होता, म्हणजे हा आक्षेप आजचा नाही. एक काळजी मात्र घ्या. जुन्या गेमची बरीच माहिती खोक्यातल्या छापील पुस्तिकेत असे. ती न वाचता ‘गेम काहीच सांगत नाही’ असं लिहिणं अन्याय आहे. कुठली आवृत्ती खेळलात तेही लिहा. १९९८ चा ‘ग्रिम फँडँगो’ आणि त्याची २०१५ ची आवृत्ती यांत माउसने खेळता येण्याचा फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

‘फायरवॉच’सारख्या जवळजवळ कोडीच नसलेल्या गेमना हे निकष लावू नका. तिथे संभाषण आणि चालण्याची लय बघा.

राहिला प्रश्न अंकाचा. मी आधी पूर्ण परीक्षण लिहिते आणि किमान एक रात्र गेल्यावर गुण देते. गुण देताना यादी समोर ठेवते: याआधी ज्याला सात दिले त्याच्यापेक्षा हा वर की खाली? एकदा एका छोट्या गेमला थकलेल्या अवस्थेत, शेवटचं कोडं सुटताक्षणी चार दिले होते. वर्षभराने यादी चाळताना त्याचे प्रसंग मला जितके लख्ख आठवले तितके सात मिळालेल्या गेमचेही आठवले नाहीत. तेव्हा गुण बदलले आणि का बदलले ते खाली तारखेसह लिहिलं. तुम्हीही बदला, पण गुपचूप नको.

कोड्यांची उदाहरणं देताना पहिल्या तासातलीच निवडा, म्हणजे कुणाचा खेळ बिघडणार नाही. पुढच्या कोड्याबद्दल बोलावंच लागलं तर उत्तर न देता फक्त अडकण्याचा प्रकार सांगा. आणि प्रत्येक अवघड जागेआधीचा सेव्ह जपून ठेवा. परीक्षण लिहिताना मी तो उघडून पाहते: इशारा खरोखर तिथे होता की नव्हता? दोनदा असं झालं की माझी सगळी तक्रार लिहून झाली होती आणि इशारा भिंतीवरच्या चित्रात स्पष्ट दिसत होता. दोन्ही वेळा परिच्छेद पुसून नव्याने लिहिला.