आधी जर्मन, आणि पुण्याची एक वही

रोहन, पुण्याच्या हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या कामावरची नोकरी सोडून शहरी रेल्वेचं नियोजन शिकायला व्हिएन्नाला यावं का, असं विचारलंयस. जरूर ये. पण आधी जर्मन शीक, कारण इथल्या तंत्र विद्यापीठात नियोजन मुख्यतः जर्मनमधूनच शिकवतात. मॅक्स म्युलर भवनात आत्ताच नाव घाल. आणि इथे घर मिळालं की तीन दिवसांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, ते विसरू नकोस. बाकी कागदपत्रांचं फोनवर बोलू.

आल्यावर पहिल्याच रविवारी यू-२ मेट्रोने शेवटच्या स्टेशनापर्यंत जा. झेश्टाट. जुन्या विमानतळाच्या जागेवर वसवलेली वस्ती आहे. मेट्रो तिथे ऑक्टोबर २०१३ मध्ये पोचली आणि पहिली कुटुंबं राहायला आली २०१४ मध्ये. सामानाची खोकी उघडायच्या आधीपासून गाडी हाकेच्या अंतरावर होती, त्यामुळे तिचीच सवय लागली. आपल्याकडे उलटं झालं. हिंजवडीत आधी कंपन्या आल्या, मग टॉवर, मग घरटी दोन दुचाक्या, आणि मेट्रोचं भूमिपूजन २०१८ मध्ये. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल मेट्रोसाठी २०२० मध्ये पाडले, तेव्हा त्यांना पंधरा वर्षंही झाली नव्हती. त्या पुलांवरून मी रोज कॉलेजला जायचे. पाडतानाचा व्हिडिओ बघून फार वाईट वाटलं.

इथेही सगळं वेळेत होतं असं नाही. नकाशावर यू-४ नंतर थेट यू-६ आहे. पाचवी अजून बांधतायत.

पण पुण्याचा प्रश्न वेगळा आहे: ज्याच्या खिशात आधीच स्कूटरची किल्ली आहे, त्याला मेट्रोत कसं आणायचं? गेल्या दिवाळीत आईबरोबर आनंदनगरला उतरले. डबा गार, स्वच्छ. आई एकदम खूश. जिना उतरलो तर पदपथावर दुचाक्या लावलेल्या, पुढे फरशी उखडलेली. आईने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "रिक्षा बघ गं." घर दहा मिनिटांवर होतं. पुढच्या वेळी ती घरूनच रिक्षाने निघाली.

म्हणून निघायच्या आधी दहा स्टेशनं निवड आणि प्रत्येकाच्या बाहेर सकाळ-संध्याकाळ चाल. पदपथ कुठे संपतो, पीएमपी बसचा थांबा किती पावलांवर आहे, रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो, पाणी कुठे तुंबतं, सगळं तारखेनिशी लिहून ठेव. मी अशी वही न करता आले, आणि प्रबंधात पुण्याबद्दल लिहायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे नुसत्या आठवणी होत्या.